सोडलेलं झाड

३ जानेवारी २०२५, शुक्रवार

आले एकदाची. गडहिंग्लजहून एसटीनं कोल्हापूर, तिथून रिक्षानं फुलेवाडीच्या पुढं. रिक्षावाल्याला पत्ता सांगायला मोबाईल काढला, तर तो म्हणाला, धूपवाल्या आक्कांकडं न्हवं, मग पत्ता कशाला पायजे, वास आला की उतरायचं. आणि खरंच, फाटकाच्या अलीकडेच वास आला.

आमच्या अव्वाला (आई म्हणजे आमच्याकडं अव्वाच) फार काळजी, पोरीला परक्या घरात कसं ठेवायचं. पोर कसली, बत्तीस वर्षांची घोडी झाले, पुण्यात राहून पीएच.डी. करून आले. पण निघताना तिचं ते नेहमीचं पालुपद झालंच: अवनी, कुठं बी जा, चारचौघांत नाक कापून घिऊ नको.

आक्का साठीच्या असतील. नवरा गेल्यावर धंदा त्यांनीच वाढवला. शिवाजी पेठेत दुकान, आणि इथं घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये धूप बनतो. बाई खणखणीत आहे. बॅग खाली ठेवायच्या आत मला बजावलं, लाजायचं न्हाय, भूक लागली की सांगायचं, लाजलीस तर उपाशी मरशील आणि बोल मला लागंल. मग एवढं वाढलं की अजून पोट तटतटलंय.

खोली मिळाली वरची, मागच्या अंगाची. खोलीत धूप कुणी जाळत नाही, तरी मंद वास आहे. आक्का म्हणाल्या, ही त्यांच्या धाकट्या दिरांची, नृसिंहभाऊजींची. ते तरुणपणीच एक दिवस कुणाला न सांगता निघून गेले, बैरागी झाले असं घरचे धरून चालतात. वास त्यांच्या शेवटच्या दिवसांतला आहे, दोनदा चुना मारला तरी गेला नाही. मला काय, फुकटात सुगंध.

खिडकीतून दोन झाडं दिसतात. त्यांच्यासाठीच मी आलेय.

८ जानेवारी

आज जेवताना आक्कांनी विचारलं, तू दिवसभर त्या प्रयोगशाळेत झाडांचं नक्की करतीस काय. गुरुप्रसाद सरांना, म्हणजे आमच्या प्रमुखांना, हा प्रश्न कुणी विचारला तर ते भिंतीवर चित्रं दाखवायला लागतात. मी भाकरीवर भागवलं.

धुपाच्या झाडात राळ का होते, तर झाडाला जखम झाली की ती बुजवायला. किडा आत शिरला तर त्याला तिथंच गाडायला. हे काम करणारी जनुकं असतात. आता फार फार पूर्वी, माणूस नव्हता तेव्हा, या झाडांच्या पूर्वजात एक गफलत झाली आणि सगळीच्या सगळी जनुकं दुप्पट झाली. प्रत्येक कामाला दोन गडी. त्यातला एक जुनं काम ओढत राहिला. दुसरा मोकळा. मोकळे बहुतेक बसून बसून निकामी होतात, पण एखादा काहीतरी नवीनच विद्या शिकतो. मग त्याचीही नक्कल होते, तिचीही होते, आणि एकाच मूळपुरुषाची अशी भाऊबंदकी तयार होते. राळेचा वास हा त्या भाऊबंदकीचा खेळ आहे.

आक्का हसल्या. म्हणाल्या, आमच्या गावात बी असंच, एक भाऊ औत धरतो आणि दुसरा पारावर बसून नको ते शिकतो. मग त्यांनी विचारलं, झाडातला मोकळा गडी काय शिकला म्हणायचा. मी म्हटलं, तेच शोधायला आलेय की.

१९ जानेवारी, रविवार

कृष्णातदादांची ओळख झाली. ओळख कसली, गल्लीभर ऐकू जाईल असा आवाज, न ओळखून सांगता कुणाला. पन्नाशीचे असतील. झाडाला खाच मारून राळ काढायचं काम इथं तेच करतात, पोरसवदा होते तेव्हापासून. जेवायलाही इथंच असतात, आक्का त्यांना धाकट्या भावासारखं वागवतात. बोलण्याचे विषय दोनच, त्यांच्या तालमीचा फुटबॉल संघ आणि त्यांचा स्वतःचा हात.

हाताचं कौतुक ऐकून कान किटले, पण हात आहेच तसा. पटाशी तिरकी धरायची, हातोडीचा एकच ठोका, आणि शेवटाला मनगटानं एक बारीकशी मुरड. त्या मुरडीमुळं राळ पसरत नाही, एका जागी थेंब धरतो. म्हणाले, उभ्या जिल्ह्यात अशी मुरड कुणाची न्हाय, खाच बघून डोळं झाकून सांगीन माझी का दुसऱ्याची. मी हट्टानं शिकून घेतली. सुरुवातीला साल फाटली, त्यांनी मला गडहिंग्लजची म्हैस म्हटलं. संध्याकाळपर्यंत जमली. ते वाकून बघत राहिले आणि म्हणाले, आयला, हुबेहूब की ताई. मी फार खूश झाले.

पण खाच मारायची ती एकाच झाडाला. आक्कांच्या सासऱ्यांनी दाजीपूरच्या जंगलातून एक बाठा, म्हणजे फळातली बी, आणून लावला, त्यातून दोन कोंब आले, ती ही दोन झाडं. एकाला म्हणतात राबतं. दुसरं सोडलेलं, देवाला वळू सोडतात तसं. त्याला हत्यार लावायचं नाही. वर्षातून एकदा खोडाला गुलाल लावायचा, बाकी त्याच्या वाटेला जायचं नाही. दोन्ही राबवली तर काय होईल विचारलं, तर आक्का म्हणाल्या, आमच्यात तसं कुणी करत न्हाय. विषय संपला.

मला गंमत वाटली. माझं भाकरीवरचं व्याख्यान या घरानं परसात लावून ठेवलंय.

१२ फेब्रुवारी, माघ पौर्णिमा

आजपासून चैत्रात जोतिबाची यात्रा होईपर्यंत राबत्या झाडालाही विसावा. पटाश्यांची पूजा करून त्या शेडमधल्या फळीवर ठेवल्या. माझे नमुने मात्र त्याआधी मिळाले. खाच मारल्यावर लगेच, मग काही वेळानं, मग दुसऱ्या दिवशी, असे सालीचे तुकडे. जखम झाल्यावर कुठली जनुकं जागी होतात ते त्यातून कळेल. सर एवढे खूश की पुढच्या महिन्यातल्या परिषदेत हे मांडणार, असं त्यांनी माझ्या नावानं कळवूनही टाकलं.

१८ फेब्रुवारी

लिहायचीसुद्धा लाज वाटते.

नमुन्यांची पेटी उणे ऐंशीच्या फ्रीझरमध्ये ठेवायची, ती मी टेबलावर ठेवून मिसळ खायला गेले. आल्यावर गप्पांत विसरले. मग शनिवार-रविवार. काल पेटी उघडली तर आत कोमट पाणी. पहिल्या वर्षाचं पोरगंही अशी चूक करत नाही, आणि केली तर मीच त्याला फाडून खाल्लं असतं. खाल्लंच होतं पुण्यात एकाला.

सरांनी विचारलं, नमुने ठीक आहेत ना. मी म्हटलं, एकदम ठीक. तोंडातून निघूनच गेलं. दुरुस्त करायला क्षणभर वेळ होता, तोही गेला.

संध्याकाळी कृष्णातदादांना म्हटलं, एक खाच अजून मारूया. ते मागं सरले. म्हणाले, ताई, विसाव्यात हत्यार न्हाय लावायचं, आक्का मला जिता ठेवायच्या न्हाईत आणि ठेवलं तरी मी लावणार न्हाय. यात्रेनंतर, म्हणजे परिषदेत माझं नाक कापून झाल्यावर.

२३ फेब्रुवारी, रविवार

आक्का पहाटेच जोतिबाच्या खेट्याला गेल्या. माघातल्या पौर्णिमेनंतरचे रविवार चालत डोंगर गाठायचा, निम्मं कोल्हापूर जातं. कृष्णातदादांच्या तालमीची आज फायनल, ते सकाळपासून मैदानाकडं. घरात मी एकटी.

राबत्या झाडाची जुनी खाच रोज सगळ्यांच्या नजरेला पडते. नवीन मारली तर जेवायच्या आत कळेल. सोडलेल्या झाडाची मागची बाजू भिंतीकडं आहे, तिकडं कुणी जात नाही. दोन्ही एका बाठ्याची भावंडं. नमुन्यावर राबत्याचं नाव लिहिलं तर कुणाला काय कळणार आहे. एक खाच, बस्स. मेण आणि चिखलानं बुजवून टाकायची.

फळीवरची पटाशी घेतली. एक ठोका, शेवटाला मुरड. पहिल्याच ठोक्याला नीट बसली, याचंच आता नवल वाटतंय. राबत्या झाडाची राळ हळूहळू पाझरते. याची उसळली. थेंब माझ्या डाव्या मनगटावर पडला, ऊन होता.

नमुने घेतले, खाच बुजवली, तेवढ्यात फाटकाशी आक्कांचा आवाज. पटाशी फळीवर ठेवायला वेळ नव्हता, शेडमधल्या पोत्यांवर टाकली आणि जिन्यानं वर. आक्कांनी प्रसाद हातावर ठेवला. मी दोन्ही हात पुढं केले, सोज्ज्वळ बाईसारखे.

दादांची तालीम जिंकली. गुलालानं लाल होऊन, पिऊन, गाणी म्हणत आले आणि शेडमध्ये आडवे झाले.

२ मार्च

मनगटावरचा थेंब निघत नाही. स्पिरीट, साबण, खोबरेल, सगळं झालं. मसुराएवढा, मधाच्या रंगाचा. घड्याळ त्याच्यावर बांधते.

वास मात्र झाकता येत नाही. बसमध्ये शेजारच्या म्हातारीनं डोळे मिटून श्वास घेतला आणि म्हणाली, देवळातनं आलीस व्हय गं, बरं वाटलं बघ. प्रयोगशाळेत झाडूवाल्या शालूबाई माझ्या टेबलाशी घुटमळतात. आज म्हणाल्या, तुमच्याजवळ उभारलं की घरच्या कटकटी विसरतात. मी हसले. मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. घाण आली असती तर बरं झालं असतं, निदान लोक लांब तरी गेले असते.

१६ मार्च, रविवार

शेवटचा खेटा झाला. आक्का डोंगरावरून गुलाल घेऊन आल्या आणि वर्षाच्या रिवाजाप्रमाणे सोडलेल्या झाडाला लावायला गेल्या. प्रदक्षिणा घालताना भिंतीच्या बाजूला थांबल्या. चिखल केव्हाच गळून पडला होता. खाचेतून राळ जमिनीपर्यंत उतरली होती.

त्या ओरडल्या नाहीत. कृष्णातदादांना नुसती हाक मारली. मीही खाली गेले, न जाणं संशयाचं दिसलं असतं म्हणून. दादा वाकले, खाचेवरून बोट फिरवलं. मी वाट बघत होते की ते म्हणतील, ही माझी न्हाय. त्यांनी खाचेच्या शेवटाला, मुरडीवर, नखानं टोकरलं. मग म्हणाले, आक्का, ही मुरड माझीच हाय.

मग त्यांनी स्वतःहूनच सांगितलं. तालीम जिंकली त्या दिवशी एवढी घेतलेली की दुपारनंतरचं काही आठवत नाही. शेडमध्ये जाग आली तेव्हा पटाशी पोत्यावर, उशाशी होती. गुपचूप फळीवर ठेवली, वाटलं कुणी काढली असेल. आक्कांनी गुलालाची वाटी पुढं केली. म्हणाल्या, कृष्णा, उचल गुलाल आणि म्हण मी न्हाय केलं, मी इश्वास ठेवते. त्यांनी हात पुढं केला आणि मागं घेतला. म्हणाले, जे आठवत न्हाय त्याची शपथ कशी घिऊ.

एवढ्या वर्षांत त्यांनी जी एक खाच दुसऱ्या हाताला शिकवली ती माझ्या. त्यांच्या ते डोक्यातही आलं नाही. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

आक्का म्हणाल्या, उद्यापासनं यायचं न्हाय. दादांनी चपला हातात घेतल्या आणि तसेच अनवाणी फाटकाबाहेर गेले.

आणि मग मी काय केलं. मला कुणी काही विचारलं नव्हतं. आक्का उलट म्हणाल्या, तू पावणी, तुझा काय संबंध. तरी मी पुढं होऊन गुलाल उचलला, कपाळाला लावला आणि म्हटलं, मी त्या झाडाला हात लावलेला नाही. आक्कांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि रडल्या.

वर येऊन तोंड धुतलं. गुलाल निघाला. कपाळाच्या मध्यावर एक थेंब होता, मधाच्या रंगाचा.

२० मार्च

सरांनी सगळ्यांना पेढे वाटले. माझ्या नमुन्यात राळेच्या जनुकांची जी भाऊबंदकी दिसली ती आजवर कुठल्याच धुपाच्या झाडात सापडलेली नाही. नकलांच्या नकला, रांगच्या रांग, आणि त्यांतल्या कित्येकांचं काम काय ते कळतच नाही. सर म्हणाले, राबत्या झाडाला वर्षानुवर्षं खाचा मारल्या म्हणून हे घडलं असेल का, असा प्रश्न आपण मांडूया.

राबतं झाड. मीच लिहिलं होतं चिठ्ठीवर. टाळ्या वाजल्या. सांगायला तोंड उघडलं, तर जिभेवर कडू-गोड चिकट काहीतरी आलं. रुमालात थुंकलं. लोकांना वाटलं गहिवरले.

२७ मार्च

सरांनी दार लावून घेतलं. नमुन्यात माणसाचा डीएनए सापडलाय. भरपूर. हातमोजे न घालता काम केलं काय, असं विचारलं. एवढ्या वर्षांत मला कुणी असं विचारलं नव्हतं. मी मान खाली घातली. त्यांना म्हणावं तर मोजे होते. पण मी खोटारडी आहे, माझ्या खऱ्याला किंमत काय.

मग त्यांनी कागद फिरवून दाखवला. वाय गुणसूत्र आहे. पुरुषाचा आहे. कुठला पुरुष हाताळत होता तुझे नमुने.

कुणीच नाही. भिंतीकडची बाजू, मी एकटी.

झाड आत शिरलेल्या किड्याला गाडतं, हे मीच सांगितलं होतं आक्कांना. घरी येऊन खोलीत बसले. नृसिंहभाऊजींचा वास. बैरागी झाले म्हणतात. ते कुठंही गेलेले नाहीत.

आता सांगायलाच हवं. माझ्यासाठी नाही. दादांसाठी.

३० मार्च, पाडवा

आक्कांनी गुढीपाशी मला उभं केलं. शेजारच्या बायका आल्या होत्या. एकीनं माझा हात धरून हुंगला, दुसरी पाया पडली. आक्का सांगत होत्या, झाडाला जखम झाली, पण देवानं वास हिच्या अंगाला दिला, घर सोडून गेला न्हाय.

सांगणार होते. आक्का, ऐका ना, एवढं म्हटलं. सगळ्या वळून कौतुकानं बघायला लागल्या. चारचौघी. अव्वाचं नाक. मी म्हटलं, गुढी छान झालीय.

प्रत्येक वेळी असंच होतं. सांगायचं ठरवते, सांगत नाही, आणि नवीन थेंब येतो. आज कोपराच्या आत आणि कानामागं.

ऋतुराज, दादांचा मोठा मुलगा, फाटकाशी येऊन आक्कांना सांगून गेला. दादा जेवत नाहीत. पटाश्या रंकाळ्यात टाकून आले. यात्रेच्या दिवशी डोंगरावर, देवाच्या उंच सासनकाठ्यांपुढं, सगळ्या लोकांदेखत सांगणार आहेत की देवाच्या झाडाला हत्यार मी लावलं, माझ्या हाताला परत कुणी काम देऊ नका.

यात्रा बारा तारखेला आहे. त्याच्या आत.

४ एप्रिल

मनगटाचा थेंब नखानं उपटला. रक्त आलं नाही. खाली सालीसारखं काहीतरी, आणि त्यातून दुसरा.

तो प्रयोगशाळेत नेऊन स्वतःच तपासला. कुणाला दाखवला नाही. झाडात होती तीच भाऊबंदकी. माझ्यात आहे. झाडापेक्षा जास्त, आणि त्यांच्या अजून नकला चालू आहेत.

समजलं मला. दोघांतला एक ओझं वाहतो, तो आहे तसा राहतो. मोकळा सुटतो तो दुसरंच काहीतरी होतो. ओझं दादा वाहतायत. मोकळी मी सुटले.

७ एप्रिल

सरांना फोन लावला. म्हटलं, सर, ते नमुने— आणि दात चिकटले. सर हॅलो हॅलो करत राहिले.

गरम पाण्यानं सुटले. अर्ध्या दिवसानं.

अव्वाचा फोन. आवाज असा का गं, विचारलं. सर्दी, म्हटलं. एवढंच बोलता येतं आता, खोटं. खोटं बोलताना तोंड अगदी सहज उघडतं.

९ एप्रिल

शिवाजी पेठेत गेले. दादांच्या दारापर्यंत. ते ओट्यावर बसले होते, आवाज गेलेला माणूस. मला बघून उठले. म्हणाले, ताई, तुमची शिकवणी माझ्यामुळं आर्धी राह्यली, माफी करा.

माफी माझी मागतायत ते—

तोंड उघडलं नाही. मी हात जोडले. त्यांनी माझे हात धरले, त्यांना वास आला, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. गल्लीतले लोक बघत होते. लाज. नुसती लाज. पळून आले.

१० एप्रिल

जेवण बंद. ओठांच्या कडा—

आक्का म्हणतात मौन धरलंय. बायकांना सांगतात. खाली भजन चालू आहे, माझ्या नावानं.

पायाची बोटं जमिनीला चिकटतात. ओढून काढावी लागतात.

११ एप्रिल

आक्कांच्या पुढ्यात गेले. बोटानं झाड दाखवलं, मग स्वतःकडं दाखवलं. पुन्हा पुन्हा. मी, ते झाड, मी.

आक्कांनी हात जोडले. म्हणाल्या, व्हय बाई, कळलं मला, ते झाड आता तूच हाईस.

तसं नाही, आक्का. तसं—

लिहून द्यायचं. तेवढंच उरलंय. वही उघडली तर मागची सगळी पानं चिकटून ठोकळा झालाय. हे एक सुटं आहे.

उद्या सकाळी. उजवा हात अजून वाकतो.

१२ एप्रिल, यात्रा

हलगी वाजते. सासनकाठ्या निघाल्या.

दादा दाराबाहेर. आक्कांनीच येऊ दिलं, देव घरात असताना कुणाला फाटकावर ठेवायचं नाही म्हणून. दाराला कपाळ टेकलंय, आवाज ऐकू येतो. म्हणतात, ताई, निघालो डोंगराला. समद्यांम्होरं कबूल करतो आणि मोकळा होतो. एकदा डोक्यावर हात ठिवा.

दारापर्यंत पाय उचलत नाही. हे पान फाडून दाराखालून—

बोटं—

लवकर.

दादा, जाऊ नका. तुमच्या हातून काही झालेलं नाही. ती मुरड मी तुमच्याकडून शिकले. पटाशी माझ्या